गफूरचाचाची पाणपोई

पाखरांना रांगेत उभं करनारा मानूस तुम्ही पाह्यलाय का? मी पाह्यलाय. पाखरं रांगेत उभी राहत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पडेगावात दौलताबादच्या रस्त्याला मपलं पंक्चरचं दुकान हाये. त्याच्या मागं, भिंतीला भिंत लावून, गफूरचाचाचं घर. चाचानं सारी जिंदगी लाल गाडीवर कंडक्टरी केली. मग गाडी सुटली, घंटी सुटली, पर आवाज काय सुटला नाय. अंगनात कडूलिंबाखाली त्यांनी मातीच्या थाळ्या मांडलेल्या. कशात पानी, कशात बाजरी. सकाळी चाचा बाहेर आले की गल्लीभर ऐकू जायचं, "चलो, आगे सरको! मागं लई जागा हाये! ए कोटवाले, लेकरूवाल्या बाईला पयले बसू दे!"

लेकरूवाली बाई म्हंजे चिमनी. कोटवाला म्हंजे दयाळ, काळापांढरा. साळुंक्या दादागिरी करायच्या म्हनून त्यांचं नाव 'पासवाल्या'. आन बुलबुलाच्या बुडाखाली लाल असतं, म्हनून तो 'लाल गादीवाला साहेब'. साहेबाला चाचा कधी 'अरे' म्हनले नाय. "आप आइये, खिडकीपाशी बसा."

मी बी एकदा हौसेनं दुकानापुढं दाना टाकला. मुंग्या आल्या, शेजारची कोंबडी आली, पाखरू एक नाय. चाचा भिंतीवरून म्हनले, "तेरी शकल देख के उनकू पंक्चर याद आता रे." मपली बायको म्हनली, "पाखरांना अक्कल हाये. मपल्या बापाला नव्हती."

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. एक लाल गादीवाला साहेब आला, त्याच्या डोळ्यापाशी गाठ. मग एका चिमनीच्या पायाला फोड. मग दुसरीला, मग पासवालीला. चाचानं लांबूनच निदान केलं, "माता आल्यात."

आमच्याकडं घरात कुनाला देवी-कांजन्या निघाल्या की दाराला लिंबाचा डहाळा टांगायचा. मुसलमानाचं घर असो नायतर मराठ्याचं, डहाळा तोच. तो दिसला की आलेला पाहुना उंबऱ्यातूनच माघारी. चाचानं तसंच केलं. प्रत्येक थाळीवर एकेक डहाळा टांगला. पाखरं खूश! आधी नुस्तं जेवन होतं, आता बसायला फांदी बी झाली. आन लिंबाच्या झाडाखाली लिंबाचा डहाळा लावून पाखराला काय कळनार? ते जन्मलंच तिथं.

मी अक्कल पाजळली. म्हनलं, "चाचा, बिमारीत खुराक पायजे. मपली सासू बिमार पडली तवा आम्ही तिला खाऊ घालीत गेलो. आता ती जातच नाय घरी." चाचाला पटलं. मला पटलेलं दुसऱ्याला पटतंय हेच लई दिवसांनी झालं होतं. बाजरीला हळद लावली, थाळ्या वाढवल्या. मग काय, साऱ्या पडेगावाची पाखरं आमच्याच लिंबावर. चांगली, आजारी, समदी एका थाळीत चोच घालून.

आन मग झाडाखाली मेलेली दिसायला लागली.

चाचा ती उचलून भिंतीकडंला पुरायचे. तवा वरडायचे नाय. एक साहेब गाठींनी पार आंधळा झालेला गावला, तो आम्ही ट्यूबच्या खोक्यात घालून जनावराच्या दवाखान्यात नेला. पुढं म्हैस, मागं बकरी, मधी आम्ही. डॉक्टरीनबाईनं विचारलं, "काय त्रास होतोय?"

मी शर्ट वर केला. "पोटात गॅस धरतो बगा."

"तुमचं नाही, पक्ष्याचं विचारतेय."

बाईनं खोकं उघडून पाहिलं. म्हनल्या, "ही पक्ष्यांची देवी. माणसाला लागत नाही. पण एका पक्ष्याची दुसऱ्याला लागते. डास चावून लागते, एका भांड्यात खाऊन लागते. गर्दी मोडली तर बरेचसे आपोआप बरे होतात. तुमच्याकडं दाणापाणी ठेवता का?"

"हौ," चाचा म्हनले. "लई येतेत."

"मग थाळ्या उचला. धुऊन उन्हात टाका. महिनाभर एकही पक्षी अंगणात जमू देऊ नका."

"मतलब मैंनेच…" चाचा म्हनले. घरापत्तोर सायकलीच्या मागं खोकं पोटाशी धरून बसले. साहेब वाटंतच गेला.

थाळ्या त्याच दिवशी उचलल्या. पर पाखरं कुठं थाळ्यांसाठी येत होती? चाचा नुस्तं खाकरले तरी झाडावरून समदी खाली. मला "चाय पिया क्या रे?" म्हनले तरी खाली. चाचाच्या पायापाशी डोक्याला डोकं लावून गर्दी.

चाचा दुकानात आले. "तुझा शर्ट दे."

"काहून?"

"तुझ्याकडं आजवर एक पाखरू आलं का?"

जिंदगीत मपला उपयोग झाला तो असा. आइलनं काळा झालेला तो शर्ट चाचानं चढवला. पाखरं जरा गडबडली. पर आवाज तर तोच! मग चाचानं बोलनंच टाकलं. हातवारे करून भाजी घ्यायचे, मान हलवून सलाम. गल्ली अशी गप झाली की लोक मला विचारायचे, "चाचा गेले काय रे?" आजवर मीच म्हनायचो, म्हाताऱ्याचं तोंड कोनी बंद करा. आता मलाच दुकानात करमंना.

एका संध्याकाळी भाकर घेऊन गेलो. दार लावून म्हनलं, "आता तर बोला. इथं कोन ऐकतंय?"

चाचा हळूच म्हनले, "घरात बोलायची आदत नाय रे. तेरी चाची गेली, तवा मी घरात बोलून पाहिलं. आवाज भिंतीला लागून वापस यायचा. मग बाहेर जाऊन बोललो, तर एका चिमनीनं जवाब दिया."

मी भाकर त्यांच्यापुढं सरकवली.

तेवढ्यात बाहेर साहेबाचा आवाज आला. आम्ही दार किलकिलं केलं. कपड्याच्या दोरीवर एक बुलबुल होता. डोळ्यापाशी गाठ, पर सुकत आलेली. तो बोलायचा, थांबायचा, दाराकडं बघायचा, पुन्हा बोलायचा. चाचानं दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले.

लई वेळ बोलला तो. मग उडाला, डोंगराकडं.

"गेला, चाचा," मी म्हनलं.

चाचानं तोंडावरचा एक हात काढला आन मपल्या तोंडावर ठेवला. दोरीवर दुसरा येऊन बसला होता.