दुधाचा हात फिरवलेलं विमान

ऐन रविवारी सकाळी जावयाच्या लक्षात आलं, की मास्किंग पुट्टीच्या डबीचं झाकण आठवडाभर उघडंच राहिलं होतं. आत पुट्टी नव्हती, दगड होता. तळहाताएवढं प्लास्टिकचं लढाऊ विमान मातकट रंगात न्हाऊन टेबलावर बसलं होतं. आता मातकट ठेवायचा भाग पुट्टीने झाकायचा, उरलेल्यावर हिरवा फवारा मारायचा आणि पुट्टी काढायची, की विमान रानात दिसेनासं होणार होतं. संध्याकाळी मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं. जावई त्यात पहिल्यांदाच उतरणार होता आणि या विमानापायी त्याने अर्ध्या वर्षाच्या सुट्ट्या घालवल्या होत्या.

त्याने चिकटपट्टी लावून पाहिली. कडा इतक्या सरळ आल्या, की विमान लपण्याऐवजी लांबूनच नजरेत भरलं असतं. ओला कागद लावून पाहिला, तो वाळून उडाला. शेवटी वैतागून पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला, तर ओट्यावर झाकून ठेवलेला पिठाचा गोळा! मऊ, लुसलुशीत, वळवावा तसा वळणारा. गरज ही शोधाची जननी म्हणतात. पण तिची सगळीच पोरं शहाणी निघतात असं नाही.

गोळा सासऱ्यांचा होता. त्यांचा सगळा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे गेला होता. बेकरी विकून ते लेकीकडे राहायला आले, तरी रविवारचा पाव स्वतःच भाजत. बेकरी गेली याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. आपला हात शिकून घ्यायला कोणी मिळालं नाही, हे मात्र त्यांच्या मनाला लागलं होतं. लेक शाळेत शिकवायची, जावई विम्याच्या ऑफिसात. जावई तो पाव चवीने खायचा, पण पीठ फुगतं कसं, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

त्याने पिठाचा चांगला मोठा लचका तोडला, वळ्या केल्या आणि पंखांवर नागमोडी मांडल्या. मधली जागा पिठाने भरली. काम झकास जमलं होतं, इतक्यात बायकोची हाक आली.

"अहो, इस्त्रीचे कपडे आणा ना! दुकान बंद होईल."

पीठ वाळू नये म्हणून त्याने विमानावर ओलं फडकं टाकलं आणि तो गेला. टेबल खिडकीशी होतं, ऊन थेट त्यावर. यीस्ट घातलेल्या पिठाला आणखी काय हवं असतं?

इस्त्रीवाल्याकडे गर्दी होती. जावई परत आला तेव्हा टेबल रिकामं होतं आणि स्वयंपाकघरातून सासऱ्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"या जावईबापू! लपवून ठेवलंत होय?"

जावई आत धावला. सासऱ्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये विमान नव्हतंच. एक गुबगुबीत, पांढराफेक ऐवज होता.

"जागा उबेची, फडकं ओलं! कोणी न शिकवता!" सासऱ्यांनी बाहीने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, माझ्या मागं या ओव्हनमध्ये तुम्ही लोक भांडी ठेवाल. दुधाचा हात फिरवलाय बरं का. रंग छान येईल."

रंग म्हटल्यावर जावयाला रडूच यायला लागलं.

"आकार तेवढा चमत्कारिक आहे. काय, मासा का?"

"मासाच," जावई कसाबसा म्हणाला.

दारात आलेल्या बायकोला ट्रेमधल्या गोळ्याच्या एका टोकातून डोकावणारा विमानाचा पंखा दिसला. मग नवऱ्याचा चेहरा दिसला. तिने तोंडाला पदर लावला आणि ती भिंतीकडे वळली.

जावयाला हा म्हातारा फार आवडायचा. विमान काय, पुन्हा करता येईल; असा फुललेला चेहरा पुन्हा कुठून आणणार? त्याने ओठ घट्ट मिटले. ट्रे ओव्हनच्या तोंडाशी गेला. तेवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला, की प्लास्टिक वितळणार आणि म्हातारा हौसेने पहिला तुकडा तोंडात टाकणार.

"बाबा, थांबा! आत विमान आहे!"

सासऱ्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला. चष्मा लावला. अंगठ्याने दाबून पाहिलं.

"म्हणजे हा पाव नाही."

"नाही, बाबा."

"पीठ मात्र माझं."

"हो, बाबा."

सासऱ्यांनी विमानावरच्या पिठाचा कणन् कण साफ केला, आणि जावई अपराध्यासारखा बघत राहिला. शेवटी म्हाताऱ्याचा बांध फुटला.

"यीस्टच्या पिठाच्या वळ्या कोणी घालतं का? कडा सरकणार नाहीत तर काय होईल? नुसतं पीठ नि पाणी घ्यायचं, घट्ट मळायचं! फोटो दाखवा त्या खऱ्या विमानाचा. आणि सरका तिकडे."

ते जे खुर्चीत बसले ते उठेनात. बोटांखालून एकसारख्या वळ्या निघत होत्या.

"बाबा, तो पट्टा जरा खाली..."

"तुम्ही माझा पाव बघा."

"मला कुठे येतो?"

"मी सांगतो ना इथून! तळव्याने ढकला, बोटांनी नको!"

मग मधे एकदा जावयाने येऊन फवारा मारला, तेवढंच. दुपारी पीठ निघालं आणि खालून असे मऊ, नागमोडी पट्टे निघाले, की बायकोनेही टाळी वाजवली. पाव मात्र कौलासारखा झाला होता. सुरी दोनदा घसरली.

प्रदर्शनाला निघण्याआधी तिघं चहाला बसली. सासऱ्यांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. जावयाला राहवेना.

"बाबा, कसा झालाय?"

"विमान छान झालंय," सासरे म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुकडा उचलला.