सोमवारचा तिसरा तास

आमच्या शाळेचं टाइमटेबल मी करते. एकटी करते, घरी करते आणि बिनचूक करते! भाषेच्या बाईंना सलग तास दिले तर त्यांचा घसा कधी बसेल, कुठले दोन वर्ग प्रयोगशाळेत शेजारी आले तर काचा फुटतील, गणिताच्या सरांना जेवणानंतरचा तास दिला तर आधी कोण झोपेल, मुलं की सर, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. कॉम्प्युटर सर शाळेत नवीन आले तेव्हा त्यांनी फार नम्रपणे सुचवलं होतं, "बाई, यासाठी आता सॉफ्टवेअर मिळतं." मी त्याहून नम्रपणे म्हटलं, "मिळू दे की!"

पण यंदा झालं काय, तर माझं डोकंच रजेवर गेलं.

मला हेपटायटिस सी निघाला. दचकू नका, वाचून लागण होत नाही! लेकीच्या वेळी बाळंतपणात मला रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा असा डॉक्टरांचा अंदाज. इतकी वर्षं तो माझ्या यकृतात गुपचूप राहिला, भाडं न देता. आता रोज एक गोळी चालू आहे आणि गोळीचं काम चोख आहे. त्रास आहे तो डोक्याचा. दुखत नाही, पण चालतही नाही. कापूस भरल्यासारखं होतं. शब्द ओठांवर येतो आणि तिथूनच माघारी जातो.

मी भूगोल शिकवते. एके दिवशी भर वर्गात मला 'विषुववृत्त' हा शब्द आठवेना. मी म्हटलं, "पृथ्वीच्या मधोमध जो असतो, तो... कमरपट्टा!" चाचणीत अर्ध्या वर्गाने कमरपट्टा लिहिला आणि मला पूर्ण गुण द्यावे लागले! घरी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ते द्या ना, ते लोखंडी, गरम करायचं." तो बिचारा तवा घेऊन आला. मला इस्त्री हवी होती.

डॉक्टरबाईंना विचारलं, "हे असंच राहणार का?"

"या आजारात पुष्कळांना असं होतं," त्या म्हणाल्या. "विषाणूमुळे, थकव्यामुळे. उपचारानंतर बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. हमी मात्र देत नाही. तोवर झोप पुरी घ्या, एका वेळी एकच काम करा आणि महत्त्वाची कामं दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या."

यातलं शेवटचं मी ऐकलंच नाही. म्हणजे ऐकलं, पण ते माझ्यासाठी नाही असं ठरवलं.

"यंदा ते टाइमटेबल देऊन टाक त्या कॉम्प्युटरवाल्याला," नवरा म्हणाला.

"देऊन टाक? उद्या म्हणाल, डोकंही देऊन टाक!"

"अगं, तसं नाही..."

"मीच करणार!"

आवाज चढला खरा, पण आतून मी घाबरले होते. हे एक काम असं होतं की ते करताना मी मला हुशार वाटायचे. ते हातातून सुटलं की गेलेलं डोकं परत यायचंच नाही, असं मला वाटायला लागलं होतं. शाळेत आजाराचं कोणाला सांगितलं नव्हतं तेही त्याचसाठी. त्यामुळे टाइमटेबल होणार तर माझ्याच हातून!

आता माझी पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. जेवणाच्या टेबलावर मी खडूने चौकटी आखते आणि पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे मांडते. गणित लाल, भाषा हिरवी, भूगोल निळा, खेळ पिवळा. जिथे काय ठेवायचं ते ठरत नाही, तिथे मी तात्पुरता पिवळा तुकडा ठेवते. खेळाचं बरं असतं, कुठेही बसतो. शेवटी सगळं जमलं की तात्पुरते पिवळे उचलायचे आणि तिथे खरे विषय ठेवायचे. यंदा सोमवारचा तिसरा तास काही केल्या जमेना. म्हणून मी त्या तासाला प्रत्येक वर्गासमोर पिवळा तुकडा ठेवला, म्हटलं शेवटी बघू. मग बाकीचा आठवडा असा सुरेख जमला, असा सुरेख जमला, की आनंदाने मी उठून सगळं उतरवून काढलं आणि छापायला दिलं.

'शेवटी बघू' मधलं 'शेवटी' कापसात गेलं.

तुम्ही म्हणाल, कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्या टाइमटेबलवर न वाचता सही करतात. इतका विश्वास! मुलांना फक्त आपल्या वर्गाचं कळतं. आणि शिक्षकांचं म्हणाल, तर प्रत्येकाला आपला सोमवारचा तिसरा तास मोकळा दिसला. प्रत्येकाने ते आपल्या नशिबाचं समजून तोंड घट्ट मिटून घेतलं! खेळाच्या सरांना त्या तासाला नुसतं 'खेळ' दिसलं, किती वर्गांचा ते त्यांनी मोजलंच नाही.

सोमवार उजाडला. तिसऱ्या तासाची घंटा झाली. मी चहा घ्यायला शिक्षकांच्या खोलीत गेले तर आत ही गर्दी! बसायला खुर्ची नाही. गणिताचे सर खिडकीत बसले होते, भाषेच्या बाई कपाटाला टेकल्या होत्या.

"अरे वा, तुमचाही तास मोकळा?" विज्ञानबाई म्हणाल्या.

"हो ना! तुमचाही?"

"माझाही!" गणिताचे सर म्हणाले. "बाई, यंदा टाइमटेबल काय झालंय हो! सगळ्यांची सोय बघितलीत!"

मी मान तुकवून कौतुक स्वीकारलं. चहाचा घोट घेतला. आणि मग मनात आलं, आपण सगळे इथे, तर मुलांना शिकवतंय कोण?

तेवढ्यात मैदानातून आवाज आला. आवाज कसला, गर्जनाच! मी खिडकीतून बघितलं. सगळी शाळा मैदानात. लहान, मोठी, मधली, झाडून सगळी! मधोमध आमचे खेळाचे सर, ज्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात, एक फुटबॉल छातीशी धरून उभे. त्यांच्या चारी बाजूंनी मुलं आणि सगळ्यांना तोच फुटबॉल हवा! सर जिवाच्या आकांताने शिट्टी वाजवत होते आणि मुलांना वाटत होतं, सामना सुरू झाला.

मी जिन्याकडे धावले. पण आमचे घंटाकाका माझ्या पुढचे निघाले. शिपाई म्हणून ते इतके शिस्तीचे, की मोठ्या बाईंनी एकदा दिलेली सूचना मरेपर्यंत विसरणार नाहीत. सूचना अशी होती, की सगळी शाळा मैदानात दिसली म्हणजे आग लागली असं समजायचं. मग आधी लांब घंटा, नंतर बंबाला फोन. त्यांनी मैदान बघितलं आणि लांब घंटा दिली. मग फोन केला.

"काका, आग नाहीये!" मी ओरडले.

"मग सगळे बाहेर कसे?"

"घंटा थांबवा आधी!"

"मोठ्या बाईंनी सांगितल्याशिवाय थांबवता येत नाही!"

लांब घंटा ऐकून शिक्षकांची खोली रिकामी झाली. विज्ञानबाई सुरक्षेच्या नियमाप्रमाणे वाळूची बादली घेऊन धावल्या आणि ती त्यांनी, सापडली त्या धुरावर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या चहाच्या आधणावर ओतली! कॉम्प्युटर सर छातीशी कॉम्प्युटर धरून जिना उतरत होते, मागून वायर घरंगळत होती. त्या वायरीत गणिताचे सर अडकले. मोठ्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय चाललंय?" पण तोवर बंब फाटकातून आत शिरला होता, भोंगा वाजवत, आणि मुलांनी आनंदाने अशी आरोळी ठोकली की काय सांगू! खेळाचा तास, फुटबॉल आणि वर बंब! एवढा मोठा सोमवार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

बंबावरचे साहेब उडी मारून उतरले. "आग कुठाय?"

शिट्टीसरांचा सदरा एका खांद्यावरून फाटला होता. ते म्हणाले, "तुम्ही आधी मला बाहेर काढा!"

मोठ्या बाई प्रसंग ओळखून पुढे झाल्या. "सराव आहे साहेब. आगीचा सराव."

"सरावाची आधी कल्पना द्यायची असते, बाई. कोणी ठरवला हा सराव?"

मोठ्या बाईंनी आमच्याकडे बघितलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गप्प बसले असते तर निभावलं असतं, हे मला त्या कापसातूनही कळत होतं. पण शिट्टीसरांचा तो फाटका सदरा बघवेना.

"सराव नाही," मी म्हटलं. "टाइमटेबल चुकलंय. मी चुकवलंय!"

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "टाइमटेबलसाठी बंब पहिल्यांदाच आलाय," ते म्हणाले.

बंब गेला. मोठ्या बाईंच्या खोलीत मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. आजार, गोळी, कापूस, कमरपट्टा. विज्ञानबाई माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्यांनी हळूच टेबलावरचा आपला कप पलीकडे सरकवला.

"अहो बाई," मी म्हटलं, "तो रक्तातून पसरतो, कपातून नाही! तुम्हीच शिकवता ना हे मुलांना?"

"शिकवते हो," त्या ओशाळून म्हणाल्या आणि कप परत होता तिथे आणला. मग माझ्यासाठीही त्याच किटलीतून चहा ओतला. त्यात वाळू होती, पण मी प्यायले.

मोठ्या बाईंनी आपण सही केलेलं टाइमटेबल पहिल्यांदाच वाचलं. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंत. रागावले नाही मी. पण टाइमटेबल आता कॉम्प्युटर सरांना द्या. तुम्ही विश्रांती घ्या."

"नाही!" मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेर घंटाकाका उठून उभे राहिले. "मोठ्या बाई, मला येत्या सोमवारपर्यंत द्या. तिसऱ्या तासाला मैदानात एक जरी मूल जास्तीचं दिसलं, तर टाइमटेबल त्यांचं. पण आजारपणामुळे काढून घेऊ नका. तसं झालं तर मी घरी जाऊन नुसती पडून राहीन."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "येत्या सोमवारपर्यंत," त्या म्हणाल्या.

आता मात्र मी डॉक्टरबाईंचं शब्दाला शब्द ऐकलं. रात्री पुरी झोप, सकाळी ताज्या डोक्याने टेबल, एका वेळी एकच काम. डोकं जड झालं की सरळ उठायचं, अंगणात फेऱ्या मारायच्या, परत बसायचं. रडूही आलं एकदा, तुकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले तेव्हा. डोळे पुसले आणि परत बसले. तपासायला नवरा आणि लेक. लेक कॉलेजात आहे, कमी बोलते आणि सांगितलेलं काम डोळे मिटून करते.

"सगळी भानगड या पिवळ्या तुकड्याची आहे," मी तिला बजावलं. "शेवटी टेबलावर एकही पिवळा तुकडा दिसता कामा नये. दिसला की उचल, तिथे काय ठेवायचं ते मी सांगते."

"एकही?"

"एकही!"

"आई, नक्की?"

"अगं, माझं डोकं आज इतकं स्वच्छ चालतंय, मध्ये मध्ये बोलू नकोस!"

तिने उचलले. मी खरे विषय ठेवले. नवऱ्याने भिंग घेऊन तपासलं. पिवळा कुठेही नाही! त्या दिवशी मी इस्त्रीला इस्त्री म्हटलं आणि नवऱ्याने टाळी वाजवली.

सोमवार आला. तिसऱ्या तासाची घंटा झाली. मोठ्या बाई आणि मी खिडकीत उभ्या. मैदान रिकामं! एक चिमणी तेवढी उड्या मारत होती. वर्गावर्गातून पाढे, कविता, सनावळ्या ऐकू येत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मानलं तुम्हाला," मोठ्या बाई म्हणाल्या. "टाइमटेबल तुमच्याकडेच."

मी जिंकले होते! डोकं माझं होतं आणि माझ्याकडेच राहणार होतं. मी तरंगतच शिक्षकांच्या खोलीत गेले. आत फक्त शिट्टीसर होते. पाय समोरच्या खुर्चीवर, हातात चहा, पुढे बिस्किटांचा पुडा.

"काय सर, हा तास मोकळा वाटतं?"

"हो ना."

"पुढचा कुठल्या वर्गावर?"

"पुढचाही मोकळा."

"बरं, मग उद्या..."

"उद्याही मोकळा, बाई. परवाही. पूर्ण आठवडा!" सर भारावून म्हणाले. "मला वाटलं, त्या दिवशी माझे हाल झाले म्हणून तुम्ही भरपाई दिलीत. किती मोठं मन तुमचं!"

मी खुर्चीत बसले. एकही पिवळा नाही. एकही! सबंध शाळेतून, सबंध आठवड्यातून, मी खेळच उचलून टाकला होता! आणि दाराबाहेर एव्हाना सातवीची मुलं जमायला लागली होती, फुटबॉल घेऊन, चेहरे अगदी कोर्टात आल्यासारखे.

मी फळ्याजवळचा खडू उचलला. "आत्ता दुरुस्त करते सर! या क्षणी! आधी मोठ्या बाईंना मीच सांगून येते."

शिट्टीसर धडपडून उभे राहिले आणि त्यांनी माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला.

"एवढी घाई कशाला, बाई? तुमची तब्येत अशी. महिनाभर जाऊ दे. डोक्याला अजिबात ताण देऊ नका!"

खोटं कशाला बोलू, सबंध शाळेत माझ्या आजारपणाची इतकी मनापासून काळजी दुसऱ्या कोणीच केली नाही.