शेषरावकाकांची हजेरी

शेषरावकाकांकडे लॅपटॉप दाखवायला नेणाऱ्या माणसाला आधी अंगातला शर्ट काढावा लागतो. म्हणजे शर्ट टेरिकॉटचा असेल तर. सुती असेल तर काका बाहीचं टोक दोन बोटांत धरून चोळतात, डोळे मिटून विचार करतात आणि "हाव, चालते" म्हणतात. पण आजकाल निखळ सुती शर्ट घालतो कोण? त्यामुळे आमच्या दिग्रसमधली बरीच प्रतिष्ठित मंडळी मी काकांच्या ओसरीवर बनियनमध्ये बसलेली पाहिली आहेत. त्यात आमचे मुख्याध्यापक होते, एक फौजदार होते आणि कापसाचे एक बडे अडतेही होते. फौजदारांच्या बनियनला पाठीवर भोक होतं. सांगू नये, पण दिसलं ते दिसलं.

शर्ट काढला की चपला काढायच्या, अंगणातल्या लोखंडी हापशाला हात लावायचा आणि मगच ओसरीवर चढायचं. देवळात घंटा वाजवल्याशिवाय जाऊ नये, तसं.

"सर, आपल्या आंगात करंट रायते," काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "टेरिकॉट घासलं का तो जमा होते. जिनिंगमंदी एक ठिणगी पडली तं कापसाची अख्खी गंजी जळे. आन् ह्या डब्यातलं सामान तं त्याच्याहून नाजूक. तुमाले कळतबी नाई न् ते मरून जाते."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फणी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग मी वीस वर्षं करून दाखवतो आहे. पण आपणच एक चालतीबोलती फणी आहोत हे मला त्या दिवशी कळलं, तेही बनियनमध्ये उभं असताना.

बायामाणसं आली तर काका त्यांना काकूंची जुनी सुती साडी खांद्यावरून पांघरायला देतात. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. घरात दुसरं कुणी नाही. साडी मात्र दर आठवड्याला धुऊन वाळत घातलेली असते.

शेषराव मेश्राम हे गावातल्या जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात एकतीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं आणि ते स्वतः ओरडून बोलतात. "चहा घेता का?" असं त्यांनी विचारलं की शेजारचे दोघे "नको" म्हणतात. कापसाचे दिवस फिरले, लोक सोयाबीनकडे वळले आणि जिनिंगला कुलूप लागलं. निरोप देताना मालकानं त्यांना ऑफिसातला एक मेलेला लॅपटॉप दिला. बहुधा अडगळ गेली म्हणून मालक खूश झाला असेल. काकांनी तो घरी आणला, सतरा वेळा उघडला आणि सतरा वेळा बंद केला. अठराव्या वेळी तो सुरू झाला. काका अजूनही त्याला "घरचं माणूस" म्हणतात.

माझा लॅपटॉप तापायला लागला आणि पाच मिनिटांत आपोआप बंद पडू लागला, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. यंत्र पाहताच काका ओरडले, "अरे! हा तं आमच्यावाल्याचा सख्खा भाऊ हाय!" कंपनी तीच, आकार तोच. लॅपटॉप तिथंच ठेवून निघावं असा माझा बेत होता, पण काकांनी हात धरला.

"पेशंटसंगं घरचं माणूस पायजे सर. मी कोणाचंच ठेवून घेत नाई. बसा."

मी बसलो, आणि त्यानंतर जे पाहिलं त्यानं माझं तोंड उघडंच राहिलं.

काकांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक लॅपटॉपच्या पोटाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली. हाक मारली तर ज्यांना ऐकू येत नाही, ते काका त्या हाडातून ऐकत होते. "पंख्याची बेरिंग गेली," ते म्हणाले. "डाव्या अंगानं घासून राह्यली." उघडल्यावर पाहिलं, तर डावीकडूनच घासली होती.

बॅटरी काढली. चालू करायचं बटण मोजून तीस आकडे दाबून धरलं, उरलासुरला करंट निघून जावा म्हणून. मग झाकण उचकटायला त्यांनी एक लग्नपत्रिका काढली. लोखंडानं प्लास्टिकला ओरखडा पडतो, पत्रिकेनं पडत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांच्याकडे पत्रिकांचा डबाच आहे आणि त्यातून ते जाडी पाहून निवड करतात. "पत्रिका पातळ असली तं मी लग्नाले जात नाई," असं ते म्हणतात आणि ते खरंच जात नाहीत.

पण खरी गंमत पुढे होती. त्यांनी फरशीवर खडूनं लॅपटॉपची आकृती काढली, आणि जो स्क्रू जिथून निघाला त्या जागी आकृतीत ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकाला जिनिंगमधल्या एका सोबत्याचं नाव होतं. सगळ्यात लांब तो रामधन. रामधन म्हणे जिनिंगच्या दारात वाकूनच शिरायचा. बुटका आणि आटे घासलेला तो सुलेमान. "लय चिडका. जोर लावला का फिरते, गोडीत घेतलं का आयकते." कोपऱ्यात रबराच्या टोपीखाली लपलेला तो महादेव, कारण महादेव काम सोडून कापसाच्या गठाणींच्या मागं झोपायचा. असे पंधरा स्क्रू आणि पंधरा माणसं. प्रत्येकाच्या मागं एक गोष्ट, आणि गोष्ट संपल्याशिवाय पुढचा स्क्रू निघत नाही. रामधन आता सुरतला आहे, महादेव पुसदला पोराकडे. सुलेमानचा ठावठिकाणा नाही.

पंखा उघडला तेव्हा आतून लोकरीच्या नमद्यासारखी एक घट्ट करडी चकती निघाली. मी म्हटलं, "धूळ." काका माझ्याकडे दयेनं पाहून हसले. त्यांनी ती चकती विस्कटली, एक पुंजका दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ओढला आणि धागा उजेडात धरला.

"धूळ नाई सर, कापूस हाय. लांब धाग्याचा. तुमचं घर बाजारसमितीच्या रस्त्यावर हाय न्?"

आहे. कापसाच्या गाड्या आमच्याच दारावरून जातात. पाचशे रुपयांचा पंखा बदलायला आलेल्या मला त्या माणसानं माझा पत्ता सांगितला होता.

"पयले मूठ मूठ निघे," ते पुंजका ठेवून देत म्हणाले. "तीन सालांपासून बाकीच्याईच्या पंख्यातून मातीच निघून राह्यली. गाड्याच कमी झाल्या तं कापूस कुठून येईन?" आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण एवढं बोलून त्यांनी डब्यातून त्या जातीचा शेवटचा नवा पंखा काढला.

जुन्या पंख्याच्या जागी नवा बसवला. मधल्या चिपेवर मुगाच्या दाण्याएवढं पांढरं मलम लावलं. ज्या बोटांनी एकतीस वर्षं मांडीएवढे रोलर फिरवले, तीच बोटं केसाएवढ्या तारेची पट्टी जागेवर सरकवत होती. मी श्वास रोखून पाहत होतो. झाकण लावायच्या आधी त्यांनी जिनिंगच्या पाळीसारखी हजेरी घेतली.

"रामधन?" लांब स्क्रू उचलून ते ओरडायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "हाजर!" स्क्रू आत. "सुलेमान?" "हाजर!" आत. "महादेव? ए महादेव! झोपला का बे?" पंधराही हजर झाले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. मी सकाळी दहाला गेलो होतो. मध्ये तीनदा चहा झाला, आणि दुपारी वांग्याची भाजी, भाकर आणि मिरचीचा ठेचा. जुना पंखा कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिला. "तुमच्या घरचा होता. तुमच्याच घरी राहू द्या."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी काकांची यथेच्छ नक्कल केली. "माणूस जादूगार आहे," मी म्हटलं, "पण पंखा बदलायला सात तास! याच वेगानं जिनिंग चाललं असेल, म्हणून तर बंद पडलं." सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर दोन वर्षांनी फेब्रुवारीत माझ्यावर वेळ आली. दहावीच्या पोरांचे तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण संगणकावर भरून त्या दिवशी पाच वाजेपर्यंत पाठवायचे होते. आठवडाभर मी घरच्या ओसरीत बसून ते भरत होतो. गुण माझ्या लॅपटॉपमध्ये होते आणि फक्त तिथंच होते. दुसरीकडे उतरवून ठेवावेत हे मी पोरांना नेहमी सांगतो. मेहुणीच्या लग्नाचे पाहुणे येणार म्हणून बायकोनं त्याच आठवड्यात पिंजाऱ्याला बोलावलं होतं. तो अंगणात गाद्यांचा कापूस पिंजत होता आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून गुण भरत होतो. शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता लॅपटॉप कण्हला आणि बंद पडला. पुन्हा लावला, तीन मिनिटांत पुन्हा बंद. गुण गेले नाहीत तर पोरांच्या नावापुढे शून्य लागणार होतं. काकांचे सात तास आठवून मला घाम फुटला, पण दुसरं दार कुठलं होतं?

पावणेतीनला मी त्यांच्या अंगणात सायकल टाकली. धावतच शर्ट काढला आणि हापशाला हात लावला. पोरांच्या गुणांचं धापा टाकत सांगितलं. काकांनी माझा चेहरा पाहिला.

"कदी पाठवाचं हाय?"

"पाचला, काका."

काकांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. स्क्रूड्रायव्हर कानामागं लावला, काढला. पत्रिका घेतली. पंधरा स्क्रू निघाले तेव्हा एकाचंही नाव ऐकू आलं नाही. खडूची आकृतीही नाही. स्क्रू तळहातावर पडत गेले आणि काकांना प्रत्येकाची जागा पाठ होती. पंख्यातून पिवळट पुंजका ओढून ते एवढंच म्हणाले, "गादीचा कापूस. पिंजलेला." पंख्याचं पातं मोडलं होतं. नवा पंखा नागपूरहून यायला चार दिवस. मी कपाळावर हात मारला.

काका उठले. कोनाड्यातून त्यांनी आपला लॅपटॉप आणला, अठराव्या वेळी जिवंत झालेला तो, घरचं माणूस. पाटावर पालथा घालून त्याचे स्क्रू काढले, त्याचा पंखा काढला आणि माझ्यात बसवला. मलम, पट्टी, झाकण. बटण दाबलं. पंखा गुणगुणायला लागला. पोरांचे गुण पडद्यावर जसेच्या तसे होते. ओसरीतल्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

पाऊण तास. दोन लॅपटॉप उघडून, एक बंद करून, फक्त पाऊण तास.

"काका," मी म्हटलं, "मागच्या खेपेला सात तास लागले होते."

काका उघड्या लॅपटॉपकडे पाहत होते. पहिल्यांदाच हळू आवाजात ते बोलले. "तवा तुमाले घाई नवती सर."

"आणि तुमचा लॅपटॉप?"

"तो थांबते. माह्यासारखाच रिटायर हाय तो. जा तुमी, लेकराईचं पाहा."

साडेचारला गुण गेले. पोरं वाचली, मी वाचलो. घरी आल्यावर चहाचा कप हातात घेतला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दर स्क्रूची गोष्ट, तीन चहा, भाकर, 'पेशंटसंगं घरचं माणूस पायजे' हा नियम. ज्याला पाऊण तासात सगळं येतं, तो माणूस सात तास लावत होता, कारण काम संपलं की आम्ही शर्ट घालून निघून जात होतो. आणि मी त्याची स्टाफरूममध्ये नक्कल केली होती. मला माझीच लाज वाटली. चहा तसाच राहिला.

नागपूरहून पंखा मागवला. तो आला त्या रविवारी सकाळी नऊलाच काकांकडे गेलो. जाताना मुद्दाम माझा टेरिकॉटचा शर्ट घातला होता. तो खुंटीला अडकवला, हापशाला हात लावला आणि काकांच्या पुढ्यात पंख्याचं खोकं ठेवलं.

"तुमच्या पेशंटसाठी आहे."

काकांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "आज काई पाठवाचं हाय का सर?"

"नाही काका. दिवस मोकळा आहे."

"मंग बसा," ते इतक्या जोरानं ओरडले की हापशावरचा कावळा उडाला. खडू निघाला. आकृती निघाली. रामधन सुरतला कसा गेला, ती गोष्ट नव्यानं सुरू झाली. तिच्यात यावेळी एक म्हैसही होती, जी मागच्या वेळी नव्हती.

दुपारी भाकर झाली, तिसरा चहा झाला, नवा पंखा बसला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा काकांनी हजेरी सुरू केली. रामधन हाजर, सुलेमान हाजर, महादेव झोपेतून उठून हाजर. चौदा स्क्रू आत गेले. पंधरावा, गडबडीच्या दिवशी कुठं तरी घरंगळून गेलेला. त्याच्या जागी काकांनी डब्यातून एक नवाकोरा स्क्रू काढून आकृतीत ठेवला होता. तो त्यांनी चिमटीत उचलला आणि लॅपटॉपकडे न पाहता, माझ्याकडे पाहत हाक दिली.

"सर?"

वीस वर्षं मी रोज सकाळी हजेरी घेतो. माझी कुणी घेतली नव्हती. मी बनियनमध्येच ताठ उभा राहिलो.

"हाजर!" मी म्हटलं. काकांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हटलं.