न चाखलेली लापशी

"सरोजिनी, नैवेद्याचं चाखायचं नाही हं. देवाच्या आधी आपली जीभ पुढं करायची नाही!"

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा सरोजिनीबाईंच्या हातातला लग्नचुडाही उतरला नव्हता. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढं काशीला एक पदार्थ सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी गूळच सोडला! म्हणजे लापशी नैवेद्याआधी चाखायची नाही आणि नंतर खायची नाही. तरी औरंगपुऱ्यातल्या शेजारणींना त्या हळू आवाजात, पण ठासून सांगत, "सासूबाईंच्या हातची लापशी आता फक्त माझ्याकडं उरलीय."

पुरावा? घरात आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. यजमान व्यंकटराव तर हात जोडून, डोळे मिटून खात. आणि नणंद भानुमती कन्नडहून सणाला आली, की पहिल्याच घासाला तिचे डोळे भरून येत. "आई आठवते हो वन्संना," म्हणत सरोजिनीबाईही पदर डोळ्यांना लावत.

चैत्रात भानुमती आजारी पडली. अन्न जाईना. तिनं निरोप धाडला, "वहिनी, आईची लापशी एकदा खाऊ घाला. दुसरं काही नको."

"आणतेच म्हणावं!" सरोजिनीबाईंनी शब्द दिला. पण सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, गुरुवारी पारायण, मध्येच चतुर्थी आणि एकादशी! देवांच्या गर्दीत भानुमतीला जागाच मिळेना. श्रावणातल्या एका शनिवारी कुठं मुहूर्त लागला.

पहाटे उठून लापशी केली, देवाला दाखवली, पितळी डबा गच्च भरला आणि नवरा-बायको एसटीत बसले. कन्नड काही फार लांब नाही. पण वाटेत देव किती! खुलताबादला भद्रा मारुतीसाठी उतरले, तर रांग मारुतीच्या शेपटीसारखी, संपता संपेना! पुढं वेरूळला पुन्हा उतरले.

"अगं, डबा गार पडतोय," व्यंकटराव कुरकुरले.

"देवाच्या दारात गार-गरम बघत नाहीत!"

कन्नडला पोचेपर्यंत उन्हं उतरली. भानुमती भिंतीला टेकून खाटेवर बसली होती. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. "आलात वहिनी? सकाळपासून काही खाल्लं नाही. म्हटलं, भूक राखून ठेवावी."

शेजारच्या दगडाबाईनं ताटली आणली. सरोजिनीबाईंनी ऐटीत डबा उघडला, चमचा घातला. चमचा जाईना! दाबला, तर चमचाच वाकला.

"वैनी, उपडा करा की डबा," दगडाबाई म्हणाली.

उपडा केला. ठण्ण! लापशी डब्याचाच आकार घेऊन ताटलीत उभी!

"मायव! ह्ये खायाचं व्हय?" दगडाबाई मागं सरली. "म्या म्हणलं, शिळा आणली जोत्याची!"

व्यंकटरावांनी अडकित्ता लावला. एक टवका उडाला तो थेट भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला. दुसरा भानुमतीच्या तोंडात गेला. आजारानं कवळी सैल झालेली. तिनं एकदा चावलं, दोनदा चावलं, आणि टवका बाहेर काढायला गेली तर त्याला चिकटून वरची कवळीही बाहेर!

व्यंकटरावांचे हात सवयीनं जोडले गेले. "प्रसाद आहे. छान झालाय."

"दादा!" बोळक्या तोंडानं भानुमती कडाडली. "गरम असते तेव्हाही ही अशीच दगड असते, हे एकदा तरी सांग ना त्यांना!"

सरोजिनीबाईंनी यजमानांकडं पाहिलं.

"प्रसादाला नावं कशी ठेवायची?" ते पुटपुटले. "दाणा शिजायच्या आधीच गूळ पडतो तुझा. मग तो शिजतच नाही. मी आपला गिळतो."

"आणि वन्सं, तुमचे डोळे भरून यायचे ते?"

"तेव्हा माझे दात खरे होते, वहिनी. दुखायचे!" मग भानुमतीचा आवाज खाली आला. "आईची आठवणही यायचीच. दर वेळी वाटायचं, आज तरी तिची चव लागेल."

"पण सासूबाई तरी कुठं चाखायच्या?"

"ती नाही. मी! हळूच आत बोलवायची, बोटावर घास ठेवायची. मी 'अजून' म्हटलं, की परत झाकण. मी मान डोलावली, की मग गूळ. लेकराचं उष्टं देवाला चालतं म्हणायची. तुम्हाला नव्हतं सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. चमचा घेऊन ओट्याशी घुटमळणारी स्वतःची लेकरं सरोजिनीबाईंना आठवली, मग नातवंडं. एकूण एक सोवळ्याच्या धाकानं बाहेर हाकललेली! आणि चैत्रात आलो असतो, तर वन्संच्या हातात बांगड्या तरी जागेवर असत्या.

"चल, शेवटची गाडी चुकेल," व्यंकटराव उठले. "देवापाशी दिवा लावायचाय."

"तुम्ही जा. लावा दिवा."

"मी? अन् उद्याचा नैवेद्य?"

"साखर ठेवा."

सरोजिनीबाईंनी पदर खोचला, दगडाबाईकडून वाटीभर गव्हाचा भरडा मागून घेतला आणि आत जाऊन तूप तापत ठेवलं. दगडाबाईनं खाट ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. भरडा तुपात पडला, चर्र झालं.

"वहिनी, कच्चा वास येतोय अजून," खाटेवरून आवाज आला.

सरोजिनीबाईंनी आच बारीक केली आणि त्या भाजत राहिल्या.