टेलच्या हाडांना न्याय

जे खातं कुणालाही न विचारता सुरळीत चालतं, त्याच्या कारभारात हात घातल्याशिवाय शहाण्या माणसाला चैन पडत नाही. शरीरात असं एक खातं आहे. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. काळजाचे ठोके, पोटातलं पचन, अंगाचा घाम, रक्ताचा दाब हे सगळं ती जन्मापासून बिनबोभाट सांभाळते. (संचालक मंडळ नाही, वार्षिक सभा नाही, सभेनंतरचं जेवण नाही. तरी चालते, म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरतंय.)

ओतूरचे धरमचंदशेठ असल्या संशयास्पद गोष्टी सोडणाऱ्यांतले नव्हते. बाजारपेठेत त्यांचं औषधांचं दुकान. गल्ल्यावर मुलगा कल्पेश बसायला लागला आणि शेठ समाजप्रबोधनाला मोकळे झाले. त्यांनी अस्थिबल प्रबोधन मंडळ काढलं आणि गावोगाव मोफत हाडं तपासायची शिबिरं भरवली. टाच यंत्रात ठेवायची, यंत्र टुंई करायचं आणि चिठ्ठी निघायची: कॅल्शियम कमी. मंडळाचा अहवाल बोलका आहे. तपासलेले लोक चारशे बारा, कमतरता आढळलेले लोक चारशे बारा. बोरी बुद्रुकच्या रखमाजीने गंमत म्हणून आपला रबरी पाय यंत्रात दिला, त्यात ‘किंचित कमतरता’ निघाली. (आजवर तपासलेल्या पायांत सगळ्यात सुदृढ तोच.) शेठनी त्यालाही कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा घ्यायला लावला, कारण विज्ञान भेदभाव करत नाही.

अशात दोन हजार आठ साली खुद्द शेठच्या पत्नीला, गुलाबबाईंना, रक्तदाब निघाला. पुण्याहून दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. ही कसली, म्हणून शेठनी विचारलं. डॉक्टर भला माणूस, आणि भल्या माणसांना समजावून सांगायची खोड असते. ते म्हणाले, नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, टोकाला बारीक बारीक गेटं असतात. वरून निरोप आला की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि नस रक्तवाहिनीला आवळून धरायला लावते. बाईंचं हे आवळणं फार वाढलंय. ही गोळी ती गेटं थोडी लावून घेते, मग रक्तवाहिनी सैल पडते. हाडांशी याचा काही संबंध नाही.

शेवटचं वाक्य शेठना ऐकूच आलं नाही. ते ‘गेट’ या शब्दावरच अडकले होते. आपल्या भागात गेट म्हणजे पाटाच्या पाण्याचं गेट. ते लावलं, म्हणजे वरच्याने खालच्याच्या तोंडचं पाणी पळवलं, याला दुसरा अर्थ नाही. सगळ्या तालुक्याला कॅल्शियम वाटणाऱ्या माणसाच्या घरातच कॅल्शियमचं गेट बंद! दिव्याखाली अंधार तो हाच.

दुकानाच्या बाकावर डिंगोऱ्याचे भिमाजी बसलेले असत. त्यांचं वावर पाटाच्या चारीच्या पार शेवटाला, म्हणजे टेलला. त्यामुळे अन्यायावर त्यांचा अधिकार मोठा. शेठनी त्यांच्यापुढे प्रकरण ठेवलं. भिमाजींनी तंबाखू मळायची थांबवली आणि निकाल दिला, “शेठ, गेट लावलं का टेल कोरडी पडती. आमी जल्मभर दुसरं काय बघितलंय?”

पुढचा हिशोब सरळ होता. काळीज हे हेड, म्हणजे पाटाचं तोंड, गुडघे ही टेल. वर गेट लावलं तर गुडघ्यांना कॅल्शियम कुठून पोचणार? पाटावर याला उपाय ठरलेला आहे, गेटचं कुलूप तोडायचं. शेठनी त्याच दिवशी रक्तदाबाची गोळी बंद केली आणि कॅल्शियम दुप्पट केलं.

गुलाबबाई म्हणाल्या, “अहो, एक दिवस पण चुकवू नका म्हणालेत डॉक्टर.”

“डॉक्टरांचं काय जातं? गुडघे तुझे आहेत.”

शेठचा बायकोवर फार जीव होता, हे इथे नमूद करणं भाग आहे. नसता, तर त्यांनी तिला डॉक्टरांच्या भरवशावर सोडून दिलं असतं आणि ती ठणठणीत राहिली असती.

गुलाबबाईंचं डोकं ठणकायला लागलं, कानात घूं घूं व्हायला लागलं. शेठनी बाकावर विचारणा केली. भिमाजी म्हणाले की कोरड्या चारीला पाणी सोडलं की आधी असाच आवाज येतो, लई चांगलं लक्षण. महिन्याभरात एका सकाळी देरासरात देवदर्शन करून परतताना गुलाबबाई दगडी पायरीवर कोसळल्या. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा बसली.

डॉक्टरांनी एकच विचारलं, “गोळी कुणी बंद केली?”

शेठ ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं, त्यात खोट काढणारा मेल्याहून मेला. मग हाडांचे एक्स-रे फोटो निघाले आणि डॉक्टर म्हणाले, “हाड एकही मोडलेलं नाही.” तिथे शेठचं रडं थांबलं.

मंडळाने ठराव केला. साठीची बाई दगडावर आपटते आणि एक हाड मोडत नाही, याहून वेगळा पुरावा काय पाहिजे? पुढच्या शिबिरात ते फोटो फलकावर लागले आणि त्याखाली गुलाबबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. रक्तदाबाची गोळी आता त्यांना नेमाने मिळत होती. (बंद पडलेल्या गिरणीला तेल घालावं, तशी.) रांगेतला जो जवळून जाई त्याची बाही त्या डाव्या हाताने धरत आणि मोठ्या कष्टाने म्हणत, “गो... ळी... बं... बं...”

पुढचं तोंडातून निघत नसे. भिमाजी शेजारी उभे राहून लोकांना समजावून सांगत, “गोळी बंद करू नगा म्हनत्यात वैनी. घ्या, डबा घ्या.”

बाई अगदी तेच सांगत होत्या, फक्त गोळी दुसरी होती. दुपारपर्यंत सगळे डबे संपले.

रांग मोठी होती. चपला हातात धरून तुम्हीही होतात, ओळखलं मी. तुमचीही बाही त्यांनी धरली होती. तुम्ही हळूच सोडवून घेतलीत, कारण टाच ठेवायचा नंबर तुमचा आला होता.