भुजंगराव आणि लोकांची स्वयंपाकघरं

भुजंगराव कुणाच्याही घरी गेले तरी बैठकीत टेकत नसत. चपला काढल्या की सरळ स्वयंपाकघरात. तिथं चुलीच्या वरच्या भिंतीवरून बोट फिरवायचं, बोटाला लागलेली काजळी उजेडात धरायची आणि घरातल्या बाईला विचारायचं, "धूर कुठून जातो, वहिनी?" पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा माझी बायको कणीक मळत होती. तिला वाटलं, घरमालकानं माणूस पाठवला.

तेव्हाच्या औरंगाबादेत आम्ही दोघं मोजणी खात्यात होतो आणि राहायलाही शेजारी. शेतं मोजायची फीत त्यांच्या पिशवीत कायम असे, पण शेतांपेक्षा त्यांनी खिडक्याच जास्त मोजल्या असतील. स्वतः बिनलग्नाचे. एकट्या पुरुषाला चुलींची एवढी काळजी कशाला, असं गल्लीतल्या बायका आपसात म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलंही होतं. फरक पडला नाही.

कचेरीत कुणी खोकलं की हे लेखणी खाली ठेवून विचारत, "किती दिस झाले?" दोन आठवड्यांच्या वर उत्तर आलं की त्या माणसाची सुटका नव्हती, बेडका तपासायला हे स्वतः घेऊन जात. एकदा भर बैठकीत साहेबांनाच म्हणाले, महिना झाला तुमचा खोकला ऐकतोय, तपासून घ्या. साहेबांनी त्यांना पुढचे दोन महिने लांबलांबच्या गावांच्या मोजण्या दिल्या. पण तपासूनही घेतलं. क्षय नव्हता, दमा निघाला. डॉक्टरांनी दिलेला, तोंडानं औषध ओढायचा पंप साहेब खणात लपवून ठेवायचे, कारण पंप म्हणजे शेवटचा इलाज, एकदा लागला की संपलं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. भुजंगराव परत आले आणि सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले. "साहेब, चष्मा लावला म्हणून डोळे गेले म्हणतं का कुणी?" त्यानंतर साहेब फायलींच्या आडून का होईना, पंप घ्यायला लागले.

भुजंगरावांच्या भाचीची सोयरीक क्रांती चौकाच्या मागं एका घरी जुळत होती. मी बरोबर होतो. मुलाची नोकरी, शेती, सगळं विचारून झालं, पोहे आले आणि भुजंगराव दिसेनात. ते आत स्टुलावर चढून, फीत लावून भिंत मोजत होते. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे, पण चुलीपाशी खिडकी होईपर्यंत मुलगी येणार नाही. मुलाचे वडील लालबुंद झाले. सोयरीक मोडली असंच मी धरलं. तेवढ्यात दाराआडून मुलाची आई म्हणाली, "तीस वर्षं मी हेच सांगतेय." लग्नाच्या आधी खिडकी झाली. पुढं त्या घरात भुजंगरावांना सर्वांत जास्त मान त्या बाईनंच दिला.

हे खूळ कुठून आलं ते मात्र मला कळलं खुलताबादेकडच्या एका गावात. शेत मोजून झाल्यावर शेतकऱ्यानं जेवायला घरी नेलं. त्याची म्हातारी आई भाकरी थापत होती आणि एकेका भाकरीमागं दोनदोनदा खोकत होती. मुलगा हसत म्हणाला, म्हातारी चोरून बिड्या ओढत असणार, डॉक्टरनंही तेच विचारलं.

आता हे फीत काढणार, असं मला वाटलं. पण भुजंगराव चुलीपाशी गेले आणि खालीच बसले.

"माझ्या मायलाबी डॉक्टरनं हेच इचारलं व्हतं," ते म्हणाले. मग खाली बघत सगळं सांगितलं. नवी नोकरी होती, घरात शिकलेले ते एकटेच होते. आई नाही म्हणाली, पण ती खोटं बोलते असं वाटलं. शेजारपाजार बघत असताना बिड्या शोधायला तिची पेटी अंगणात उलटी केली. दोन लुगडी निघाली आणि एका पुडीत खडीसाखर नि ज्येष्ठमध. खोकल्यासाठी ठेवलेलं.

"मायनं वाकून लुगडी उचलली. घड्या घातल्या, पेटी लावली, अन् माझ्यासाठी भाकरी करायला परत चुलीपुढं बसली."

पुढं शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बिडी न ओढताही छाती अशी होते. बिनखिडकीच्या घरात जन्मभर चुलीचा धूर घेतला की पुरे.

शेतकऱ्याची मान खाली गेली. म्हातारीनं विचारलं, "मग बरी झाली का तुझी माय?"

"पुरी नाय. छाती आधीच झिजली व्हती. दवापाण्यानं आराम पडायचा. पण चुलीपुढं परत बसू दिलं नाय तिला."

"अन् भाकरी?"

"मी करायचो. ती असंस्तवर."

"जमायच्या का रं?"

भुजंगराव पहिल्यांदा हसले. "कडा फाटायच्या. रोज नावं ठेवायची अन् रोज खायची."

पदरानं तोंड पुसून म्हातारी चुलीपासून थोडी मागं सरकली. भुजंगरावांनी बाह्या दुमडल्या, परात पुढं ओढली आणि भाकरी थापायला घेतली.

कडा खरंच फाटल्या.