दातार सरांना न पटलेलं मांजर

दातार सरांना मुलांशी भांडण्याचाच पगार मिळतो, अशी नवीन असताना माझी समजूत झाली होती. वाचनाच्या तासाला एकेका मुलाला शेजारी बसवून, त्याने वाचलेल्या पुस्तकावर गप्पा मारायच्या, अशी आमच्या तोक्योतल्या भारतीय शाळेत पद्धत आहे. बाकीचे शिक्षक गोड आवाजात विचारतात, "तुला यातलं काय आवडलं?" दातार सर मूल नीट बसायच्या आत सांगून टाकतात, "मला हे पुस्तक अजिबात पटलेलं नाही. बोल."

मुख्याध्यापिकांनी प्रश्नांचा छापील कागद दिला होता. लेखकाचा हेतू काय, बोध काय वगैरे. सर त्यावर चहाचा कप ठेवतात. त्यांचा प्रश्न एकच. "यातल्या कोणाला तू घरी जेवायला बोलावशील?" एकाने राजपुत्राला बोलावलं. सर म्हणाले, "तो जेवून ताट तसंच टाकून जाईल. विचार कर." पुढच्या तासाला राजपुत्र रद्द झाला आणि आचाऱ्याला आमंत्रण गेलं.

मूल पाठ केलेलं उत्तर म्हणू लागलं की सर डोळे मिटून घोरतात. घोरणं खोटं, पण अगदी तालासुरात.

तिसरीतली रेवा इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जपानी. सरांचं जपानी 'सो देसु का', म्हणजे 'असं होय', इथेच संपतं. तरी ती जपानीत बोलायची आणि हे मराठीत वाद घालायचे. मी त्याच खोलीत गणिताच्या वह्या तपासत बसायचे. बेरजा चुकायच्या, माझ्या.

एकदा तिच्या पुस्तकातल्या मांजराच्या मालकांनी घर बदललं, तर मांजर चालत चालत जुन्या घरी परत गेलं. सर म्हणाले, "मूर्ख मांजर. नव्या घरी मासे मिळत होते."

रेवा जपानीत बरंच काही बोलली.

"सो देसु का. पण मला पटलं नाही."

ती पुन्हा बोलली, भराभर.

"तरी नाही पटलं."

रेवाने पुस्तक मिटलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "सर, तुम्हाला मांजरांतलं काहीच कळत नाही. त्याची खिडकी तिथे होती."

तास संपल्यावर सर माझ्यापाशी आले. चेहरा नवरदेवासारखा. "ऐकलंत ना मॅडम? मला काही कळत नाही म्हणाली."

"मराठीत बोलली म्हणून एवढा आनंद?"

"ते तर आहेच. पण उलट बोलली हो." ते चष्मा पुसू लागले. "ग्योतोकुला मुलाकडे राहतो मी. मुलगा गुणी, सूनही गुणी. भाजी अळणी म्हटलं, 'हो बाबा.' खारट म्हटलं, तरी 'हो बाबा.' आमची ही होती तोवर तिने माझं एक वाक्य धड पुरं होऊ दिलं नाही. ती गेली, नाशिकचं घर बंद केलं. आता सगळी वाक्यं पुरी होतात."

मी हातातली वही बाजूला ठेवली.

"सर, रेवाचं बरोबर आहे. मांजराच्या बाबतीत तुमचं साफ चुकतंय."

त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसून म्हणाले, "हे बघा मॅडम, मुळात मांजर हा प्राणी..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.